खानखानांचे पाणी

रावेरच्या केळीबागा मागे टाकून सातपुड्याच्या कडेने पुढे गेले की बुऱ्हाणपूर लागते. आज ते मध्य प्रदेशात असले, तरी फारुकी सुलतानांच्या काळी खानदेशची राजधानी तेच होते. त्या नगराला पाणी देणाऱ्या पुरुषाची ओळख मात्र आपण दोह्यांपुरतीच ठेवली आहे.

अब्दुल रहीम खानखाना यांचा जन्म १५५६ साली लाहोरला झाला. १५६१ मध्ये पिता बैरामखान यांची पाटण येथे हत्या झाली आणि हा पोरका मुलगा अकबराच्या आश्रयाने वाढला. १५८९ मध्ये त्यांनी बाबराचे आत्मचरित्र फारसीत आणले. पुढे दक्षिणेच्या मोहिमांनी त्यांना बुऱ्हाणपुरात आणले. तेथे त्यांनी लालबाग फुलविली.

इस्लामच्या शिकवणीत पाणी, कुरण आणि अग्नी यांवर सर्वांचा वाटा मानला आहे. नदीकाठी वजू करतानाही पाण्याची उधळपट्टी वर्ज्य. लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी ते दानच. या परंपरेत उद्यान आणि जलदान ही पुण्यकर्मे ठरली ती यामुळेच.

सुमारे १६१५ मध्ये रहीम यांच्या अमदानीत इराणी कनातीच्या धर्तीवर कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारातून केवळ उताराच्या बळावर शहराकडे येई. हवा व सफाई यांसाठी वर शंभराहून अधिक कुंड्या होत्या. ज्या मलिक अंबरशी रहीम झुंजले, त्यानेही त्याच दशकात खडकीला तशीच नहर आणली. रणांगणावरील वैऱ्यांचे जलशास्त्र एकच होते.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर कनात झिरपेल तेवढेच पाणी घेते, म्हणजे व्याजावर जगते. विंधन विहीर मुद्दलालाच हात घालते. यावल-रावेर पट्ट्यात आज हेच घडत आहे. शेजाऱ्याने अधिक खोल छिद्र घेतले की अल्पभूधारकाची विहीर आटते. पाण्यातील त्याचा वाटा भांडवलवाल्याकडे जातो. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या फड पद्धतीने पाणी वाटून घेण्याची शिस्त शिकविली होती. ती शिस्त भूगर्भातील पाण्यालाही लावावी लागेल.

रहीम यांचा अंतकाळ सुखाचा नव्हता. पुत्रांचे मृत्यू पाहून १६२७ मध्ये ते दिल्लीत निवर्तले. त्यांच्या जहागिरी गेल्या. कुंड्यांतले पाणी अद्याप वाहते आहे. आपल्यामागे खानदेशात काय वाहते राहील, याचा हिशेब आपण मांडायला हवा.