कर्णधार डॉ. इवकोविच

खेळात राजकारण आणू नये, हे वाक्य आजवर इतक्या तोंडांनी आणि इतक्या हेतूंनी उच्चारले गेले आहे की त्याचा मूळ अर्थ शोधू जावे तर हाती फारसे काही लागत नाही. सत्ताधारी जेव्हा ते उच्चारतात तेव्हा बहुधा खेळाडूने गप्प बसावे एवढाच त्याचा आशय असतो. कारण विजयी संघासोबत छायाचित्र काढून घेताना या तत्त्वाची आठवण त्यांना क्वचितच होते. पहिल्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत युगोस्लाव्हियाचे नेतृत्व करणाऱ्या मिलुतिन इवकोविच याची जीवनकथा या संदर्भात मुद्दाम पाहण्याजोगी आहे. त्याच्या देशाबाहेर ती फारशी कोणाला ठाऊक नाही.

३ मार्च १९०६ रोजी बेलग्रेड येथे जन्मलेला हा मुलगा आईकडून सर्बियाचा सरसेनापती रादोमीर पुत्निक याचा नातू होता. सर्बियन माणसाच्या मनात पुत्निकचे स्थान काय आहे, हे सांगितल्याशिवाय या नात्याचे वजन कळणार नाही. १९१४ च्या जुलैत युद्धाचे ढग जमले तेव्हा हा वृद्ध सेनानी प्रकृतीसाठी शत्रूच्याच, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या, मुलखात गेला होता. परतीच्या वाटेवर त्याला बुडापेस्टला अडकवून ठेवण्यात आले; पण सम्राट फ्रान्झ जोझेफने जुन्या काळच्या सरदारी दिलदारीने त्याला सोडून दिले. त्याच पुत्निकने पुढे त्या सम्राटाच्या सैन्याला धूळ चारली. १९१५ च्या हिवाळ्यात सर्बियन सेनेने अल्बानियाच्या बर्फाळ डोंगरांतून माघार घेतली, त्या वेळी आजारी पुत्निकला सैनिकांनी पालखीवजा खुर्चीतून उचलून नेले. १९१७ मध्ये परमुलखात, फ्रान्समधील नीस येथे, त्याचा अंत झाला. अशा घराण्यातल्या मुलाला पुढच्या राजवटीत मानाची जागा मिळण्यास काहीच अडचण नव्हती. त्याने मात्र फुटबॉल आणि वैद्यक अशा दोन वाटा धरल्या.

एस. के. युगोस्लाव्हिया या बेलग्रेडच्या नामांकित क्लबाकडून तो विशीही गाठण्यापूर्वी खेळू लागला. १९२४ आणि १९२५ या लागोपाठ दोन वर्षी हा क्लब देशाचा विजेता ठरला. इवकोविचची जागा बचाव फळीत होती. त्या काळच्या रचनेत पुढे पाच, मध्ये तीन आणि मागे अवघे दोन खेळाडू असत. त्या दोघांपैकी एकाचे पाऊल चुकले की गोलरक्षकाला देवाचाच आधार. २८ ऑक्टोबर १९२५ रोजी प्राग येथे चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध त्याने राष्ट्रीय संघात पदार्पण केले आणि त्या सामन्यात युगोस्लाव्हियावर सात गोल चढले. उत्तरादाखल एकही झाला नाही. बचावपटूच्या कारकिर्दीचा याहून अशुभ आरंभ कल्पिणे कठीण. तरीही पुढील नऊ वर्षांत तो देशातर्फे ३९ सामने खेळला. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालकडून १-२ असा पराभव पत्करून संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी परतला, त्या संघातही तो होता. १९२९ मध्ये तो बास्क या विद्यापीठीय परंपरेच्या क्लबाकडे गेला. वैद्यकाचा अभ्यास एकीकडे चालूच होता.

१९३० साली माँटेव्हिडिओला पहिला विश्वचषक भरला तेव्हा युरोपातून अवघे चार संघ अटलांटिक ओलांडून गेले. त्यांपैकी फ्रान्स, बेल्जियम आणि रुमानिया हे तिघे एका जहाजाने निघाले. युगोस्लाव्हियाचा संघ मार्सेलहून फ्लोरिडा नावाच्या दुसऱ्या जहाजाने गेला. या संघाला युगोस्लाव्हियाचा म्हणावे की नाही, हाच खरा प्रश्न होता. राजा अलेक्झांडरने ६ जानेवारी १९२९ रोजी राज्यघटना गुंडाळून ठेवून सारी सत्ता आपल्या हाती घेतली होती. सर्ब, क्रोएट व स्लोव्हेन यांच्या राज्याचे नाव बदलून युगोस्लाव्हिया केले, म्हणजे एकात्मता सिद्ध झाली, अशी त्याची समजूत असावी. फुटबॉल संघटनेचे ठाणे झाग्रेबहून बेलग्रेडला हलविण्यात आले तेव्हा ही एकात्मता उघडी पडली. क्रोएशियाच्या क्लबांनी आपले खेळाडू देण्याचे नाकारले. मग बेलग्रेडच्या क्लबांतले खेळाडू आणि फ्रान्समध्ये खेळणारे मोजके देशबांधव यांची मोट बांधून संघ उभा करण्यात आला आणि चोवीस वर्षांचा इवकोविच त्याचा कर्णधार झाला. खेळात राजकारण आणू नये म्हणणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. राजकारण आधीच जहाजात बसले होते. ते कर्णधाराने आणलेले नव्हते.

१४ जुलै रोजी गाठ पडली ती ब्राझीलशी. योगायोग असा की ब्राझीलचा संघही घरच्याच भांडणाने अर्धा झाला होता. रिओ आणि साव पावलो यांच्यातील वितुष्टामुळे त्यात प्रामुख्याने रिओचेच खेळाडू होते. विसाव्या वाढदिवसाला एक दिवस उरलेल्या तिर्नानिचने पहिला गोल केला, बेकने दुसरा. उत्तरार्धात ब्राझीलने एक गोल फेडला आणि मग सारा भार बचाव फळीवर आला. ती ढळली नाही. युगोस्लाव्हियाने २-१ असा विजय मिळविला. पुढे बोलिव्हियाला ४-० असे नमवून हा संघ उपान्त्य फेरीत पोहोचला. युरोपातून आलेल्या चौघांपैकी तेथवर मजल गेली ती या एकाचीच.

२७ जुलैच्या उपान्त्य सामन्यात यजमान उरुग्वेविरुद्ध चौथ्याच मिनिटाला युगोस्लाव्हियाने गोल केला आणि सेंटेनारिओ मैदान स्तब्ध झाले. ही स्तब्धता फार टिकली नाही. उरुग्वेने सामना ६-१ असा जिंकला. युगोस्लाव्हियाचा एक गोल ऑफसाइड ठरविला गेला. उरुग्वेच्या एका गोलाआधी मैदानाबाहेर गेलेला चेंडू गणवेशातल्या पोलिसाने पायाने आत ढकलला होता, अशी कथाही सांगितली जाते. ती खरी मानली तरी सहा गोलांचा हिशेब एका पोलिसाच्या पायावर लावता येत नाही. उरुग्वे हा त्या वेळी दोन ऑलिंपिके जिंकलेला जगातला सर्वश्रेष्ठ संघ होता, हे प्रांजळपणे मान्य करावे.

१९३४ हे वर्ष इवकोविचच्या आयुष्यात निर्णायक ठरले. त्या वर्षी तो वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला. ९ ऑक्टोबरला राजा अलेक्झांडरची हत्या झाली, तीही संघ ज्या मार्सेल बंदरातून विश्वचषकासाठी निघाला होता त्याच शहरात. १६ डिसेंबर रोजी पॅरिसला फ्रान्सविरुद्ध इवकोविच शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. तो २-३ असा गमावला गेला. अठ्ठाविसाव्या वर्षी, पदरी कीर्ती आणि हाती व्यवसाय असलेला त्वचारोगतज्ज्ञ म्हणून त्याला निवांत आयुष्य जगता आले असते.

परंतु १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकचा प्रश्न उभा राहिला. आपल्याकडे बर्लिन म्हटले की ध्यानचंदच्या हॉकी संघाने जर्मनीवर चढविलेले आठ गोल आठवतात. महाराष्ट्राला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे केलेली देशी खेळांची प्रात्यक्षिके आठवतात. तो अभिमान खोटा नाही. मात्र त्याच बर्लिनकडे बेलग्रेडच्या या डॉक्टरने वेगळ्या नजरेने पाहिले. वंशश्रेष्ठत्वाचा उद्घोष करणाऱ्या सत्तेच्या उत्सवात खेळाडूंनी शोभा आणू नये, असे त्याचे मत होते आणि बहिष्काराच्या मोहिमेत तो अग्रभागी राहिला. मोहीम अयशस्वी झाली. युगोस्लाव्हियाचे पथक बर्लिनला गेले. देशाचा माजी कर्णधार मात्र सरकारच्या दृष्टीने संशयित ठरला. १९३८ मध्ये तो युवकांच्या ‘म्लादोस्त’, म्हणजे तारुण्य, या नियतकालिकाचा संपादक होता. डाव्या चळवळीशी त्याचे नाते तोवर उघड झाले होते.

६ एप्रिल १९४१ रोजी जर्मन विमानांनी बेलग्रेड भाजून काढले आणि अकरा दिवसांत युगोस्लाव्ह सैन्य शरण आले. नव्या राजवटीत ठार झालेल्या प्रत्येक जर्मन सैनिकामागे शंभर ओलिसांना मारण्याचा हुकूम होता. त्या ऑक्टोबरात क्रागुयेवात्स येथे सुमारे २८०० लोकांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत शाळेतली मुले होती आणि त्यांचे शिक्षकही होते. अशा शहरांतून आणि अशा दिवसांत फुटबॉलचे सामने मात्र चालू होते. सामान्य जीवन सुरळीत आहे, हे दाखविण्याची गरज आक्रमकाला नेहमीच भासते. एस. के. युगोस्लाव्हिया या नावातला देशच नकाशावरून पुसला गेल्याने क्लबाला स्थापनेच्या वर्षावरून ‘एस. के. १९१३’ असे नाव घ्यावे लागले. इवकोविच या जुन्या क्लबाकडून पुन्हा मैदानात उतरला. दिवसा रुग्ण तपासणारा आणि सवड मिळेल तेव्हा खेळणारा हा माणूस गुप्तपणे प्रतिकार चळवळीचे काम करीत होता. अनेकदा पोलिसांनी त्याला धरले आणि सोडले. शहर सोडून डोंगरात निघून जाण्याची वाट अनेकांनी धरली. तो शहरातच राहिला. साऱ्या बेलग्रेडला ओळखीचा असलेला चेहरा घेऊन भूमिगत काम करणे हे धाडस होते की अविचार, यावर वाद होऊ शकेल.

मे १९४३ च्या पहिल्या आठवड्यात सदतीस वर्षांचा इवकोविच आपला अखेरचा सामना खेळला. २४ मेच्या रात्री, बारा वाजण्यास पंधरा मिनिटे असताना, साम्यवादी कारवायांच्या आरोपावरून त्याला अटक झाली. दुसऱ्या दिवशी शहराबाहेर याइन्त्सी येथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. खटला नाही, सुनावणी नाही. याच वध्यभूमीवर युद्धकाळात हजारो माणसे मारली गेली.

ज्या पक्षासाठी त्याने प्राण दिले, तो पक्ष युद्धानंतर सत्तेवर आला आणि त्याने हुतात्म्यांच्या यादीत इवकोविचचे नाव आदराने लिहिले. पण याच नव्या सत्तेने १९४५ मध्ये त्याचा आवडता क्लब बरखास्त केला. त्याचे मैदान आणि लाल-पांढरे रंग नव्याने स्थापन झालेल्या रेड स्टारकडे गेले. हुतात्मा हवा होता, त्याचा क्लब नको होता. १९५१ मध्ये युगोस्लाव्ह सैन्याच्या स्टेडियमवर इवकोविचच्या स्मृतीची शिला बसविण्यात आली. हे स्टेडियम उभे राहिले ते बी. एस. के.च्या, म्हणजे तो ज्या क्लबाविरुद्ध तरुणपणी चुरशीने खेळला त्या प्रतिस्पर्ध्याच्या, जुन्या मैदानावर. तेथे आता पार्टिझानचे सामने होतात. शेजारच्या रस्त्यालाही डॉक्टर मिलुतिन इवकोविच याचेच नाव देण्यात आले.