चाळिशीत सुरुवात केलेला राजा

औंध म्हटलं की आता सगळ्यांना पुण्यातलं औंध आठवतं. मी सांगतेय ते सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं औंध. तिथले राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. आज आपल्या नातवंडांना शाळेत सूर्यनमस्कार घालावे लागतात, त्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे. पण मैत्रिणींनो, मला त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते मुलांसाठी नाही, आपल्यासाठी. म्हणजे ज्यांना घरातले “आता या वयात कशाला?” असं विचारतात त्यांच्यासाठी.

भवानरावांचा जन्म 24 ऑक्टोबर 1868चा. डेक्कन कॉलेजात शिकून बी.ए. झाले. घरात खायला-प्यायला काय कमी! तिशीपर्यंत अंग चांगलंच सुटलं. तेव्हा युरोपात सँडो नावाच्या पहिलवानाचा बोलबाला होता. त्याची पुस्तकं, त्याची साधनं मागवून यांनी व्यायाम सुरू केला आणि तब्बल दहा वर्षं नेमानं केला. छाती-दंड भरले, पण हवं तसं समाधान मिळेना. 1908च्या सुमारास मिरजेच्या राजेसाहेबांनी त्यांना नमस्कार घालायचा आग्रह केला. तेव्हा भवानराव चाळिशीला आले होते. त्या काळात चाळिशी म्हणजे काय, ते आपल्या आज्यांना आठवून बघा.

नमस्कार काही त्यांनी शोधून काढले नाहीत. भिक्षुक घालत, तालमीतले पहिलवानही घालत. पण एकांचं ते व्रत होतं आणि दुसऱ्यांचं जोर-बैठकांसारखं रग जिरवणं. मधली माणसं, म्हणजे कारकून, शिक्षक, घरातल्या बायका, यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. भवानरावांनी त्याची दहा टप्प्यांची सोपी रीत बसवली, श्वासाचा आणि मंत्रोच्चाराचा मेळ घातला. पैसा लागत नाही, साधन लागत नाही, चटईएवढी जागा पुरते, हे ते जन्मभर सांगत राहिले. आमच्या डोंबिवलीतल्या वन रूम किचनमध्ये संसार केलेल्या बाईला यातलं मर्म लगेच कळेल.

1909 साली ते गादीवर आले. संस्थान लहानसं, 72 गावांचं. तिथल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, आणि स्वतः रोज घालत राहिले. लोकांना सांगायचं आणि आपण गादीवर लोळायचं, असा प्रकार नव्हता. राणीसाहेबही नमस्कार घालत. आठ मुलांची आई, आणि तरी व्यायाम सुटलेला नाही! बाईच्या जातीला घरकाम हाच व्यायाम, असं मानणाऱ्या काळातली ही गोष्ट आहे. खरं तर आजही कितीजणी तसंच मानतात. धुणी-भांड्यांत अंग दुखतं, घामही येतो, पण खांदा पूर्ण वर जात नाही आणि पाठ उलटी वाकत नाही, हे कोण लक्षात घेतं?

1936 साली राजेसाहेब लंडनला गेले, तेव्हा अडुसष्टीला टेकले होते. त्यांची तब्येत बघून लुईझ मॉर्गन नावाच्या पत्रकार बाई चकित झाल्या. त्यांनी ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकात नमस्कारांवर लिहिलं. पुढे 1938 मध्ये त्यांनीच संपादित केलेलं राजेसाहेबांचं इंग्रजी पुस्तक तिकडे निघालं. तिकडच्या बायकांना हा व्यायाम आवडला.

नुसते व्यायामवेडे होते असंही नाही. ते उत्तम चित्रं काढत, स्वतः उभं राहून कीर्तन करत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली, त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. 1939 साली गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची बिनभिंतींची वसाहत झाली, तीही याच संस्थानात. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला.

मात्र एक-दोन गोष्टी मला पटत नाहीत. नमस्कारांनी जवळजवळ सगळे रोग पळतात, असा त्यांचा विश्वास होता. तो जरा जास्तच होता. आणि सक्ती. शाळेत सक्तीनं घातलेले नमस्कार शाळा सुटली की सुटतात, हे माझ्याच पिढीत मी पाहिलंय. शिक्षेसारखे घालायला लावले की पुढे नाव काढलं तरी नको वाटतं.

आमच्याकडे सक्ती कोण करणार? सकाळी साडेसहाला सोसायटीशेजारच्या मैदानात आम्ही पंधरा-सोळाजणी जमतो, बहुतेक साठीपुढच्या. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळानं, निकम गुरुजींच्या अंबिका योग कुटीरनं वर्षानुवर्षं सामान्य माणसांना योगासनं शिकवली. त्यांच्याकडे शिकून आलेली एकजण आमची मास्तरीण आहे. जिचे गुडघे कुरकुरतात ती खुर्चीला धरून वाकते. एक काकू भिंतीला हात टेकवून करतात. रक्तदाब आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, मणक्याचा त्रास आहे, अशांनी आधी डॉक्टरांना विचारायचं, हा आमचा नियम. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या शिफारशीत पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे प्रकार सांगितलेत. म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडलं की काय होतं, ते आपण घरोघरी बघतो. त्यामुळे तोल सांभाळायचे व्यायाम आम्ही टाळत नाही. एका पायावर उभं राहताना सुरुवातीला हसून हसून सगळ्या खुर्चीवर बसायच्या.

मला विचाराल तर माणूस रोज येतो तो आरोग्यासाठी कमी आणि “काल का नाही आलात?” असं विचारणारं कोणी आहे म्हणून जास्त. धाक घालून जमणार नाही ते या एका प्रश्नानं जमतं. ज्येष्ठ नागरिक संघ असो, भजनी मंडळ असो, महिला मंडळ असो, बायका मुळात जमलेल्या असतातच. भजनाआधी वीस मिनिटं हात-पाय हलवले तर विठोबा काही रागावणार नाही.

1948 साली औंध संस्थान विलीन झालं. राजेसाहेब 13 एप्रिल 1951 रोजी गेले, वयाच्या 83व्या वर्षी. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी हिंडले. त्यांनीही 1970 मध्ये नमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं.

राजेसाहेबांनी 1938 साली उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय आजही औंधला आहे. रविवर्म्याची चित्रं तर आहेतच, पण हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं शिल्पही तिथे आहे. येत्या हिवाळ्यात आमचा सगळा गट तिथे जायचं म्हणतोय. संग्रहालयाच्या वर मूळपीठ डोंगरावर यमाईचं देऊळ आहे. पायऱ्या पुष्कळ आहेत, गाडीही वर जाते. कोणी पायऱ्यांनी जायचं आणि कोणी गाडीनं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.