फादर स्टीफन्स यांचा आगमनकाळ

तुळजापूरची भवानी शारदीय नवरात्रापूर्वी भाद्रपद वद्य अष्टमीला मंचकी निद्रेस जाते आणि घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा सिंहासनावर विराजमान होते. सणाआधी थांबावे, मन निवळू द्यावे, हा संकेत धाराशिव जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेला आहे. येथील कॅथलिकांचा आगमनकाळ त्यामुळे शेजाऱ्यांना परका वाटण्याचे कारण नाही. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा हा काळ. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी होतात, रविवारच्या मिस्सेतील महिमागीत थांबते, भाविक पापनिवेदन करून प्रभुजन्माची वाट पाहतात. रोषणाई आणि खरेदी यांच्या गर्दीत ही साधना हरवू लागली आहे, अशी खंत अनेक धर्मग्रामांत ऐकू येते. अशा वेळी फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र आठवावे.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. कॅथलिकांना तेथे उघडपणे धर्माचरण करणे कठीण झाले होते. त्यांनी मायभूमी सोडली, १५७५ साली रोम येथे येशूसंघात प्रवेश केला आणि १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून जहाज पकडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते गोव्यास उतरले, ते कायमचेच. पुढील चाळीस वर्षांचे त्यांचे आयुष्य मुख्यतः साष्टी प्रांतात गेले.

तो काळ निष्कलंक नव्हता. राजसत्तेच्या बळावर साष्टीतील देवळे पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे संतप्त गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले व पोर्तुगीजांनी त्याचा क्रूर सूड उगविला. मृत सहकाऱ्यांचे देह ताब्यात घेण्याचे दुःखद काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. ज्या सत्तेच्या छायेत ते वावरले, तिच्या दोषांतून त्यांना वेगळे काढता येत नाही. मात्र ज्या लोकांमध्ये राहावयाचे त्यांची भाषा त्यांनी शिष्यवृत्तीने आत्मसात केली, हेही तितकेच खरे. कोकणीचे व्याकरण त्यांनी रचले, आणि मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ लिहिले.

नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. श्रवणाची भूक मात्र शिल्लक होती. पैठणचे एकनाथ महाराज ज्या ओवीत भागवत सांगत होते, त्याच छंदात त्यांच्या या समकालीनाने ख्रिस्तकथा गायिली. ग्रंथात १०,९६२ ओव्या आहेत. त्यांपैकी ४,१८१ ओव्या पहिल्या पुराणाच्या, आणि त्यात ख्रिस्ताचे चरित्र नाही. सृष्टीची उत्पत्ती, मानवाचे पतन, कुलपती, संदेष्टे आणि तारणाऱ्याची युगानुयुगे चाललेली प्रतीक्षा, एवढाच त्याचा विषय. दर पाच ओव्यांतील जवळपास दोन ओव्या कवीने केवळ वाट पाहण्यासाठी राखून ठेवल्या. श्रोत्याला बेथलेहेमच्या गोठ्यापर्यंत नेण्याची त्यांना घाई नव्हती. आगमनकाळाचा अर्थ यापेक्षा स्पष्ट कोणी मांडावा?

स्वतः कवीलाही थांबावे लागले. देशी लिपीत ग्रंथ छापता यावेत म्हणून त्यांनी १६०८ च्या डिसेंबरात संघाच्या श्रेष्ठींकडे परवानगी मागितली, अक्षरांच्या साच्यांचा हिशेबही दिला. ते खिळे त्यांच्या हयातीत तयार झाले नाहीत. अखेर १६१६ साली, गोव्यात आल्यानंतर सदतीस वर्षांनी, हे मराठी पुराण राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. तीन वर्षांनी कवीचे निधन झाले.

पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या आणि चर्चमधून त्याचे वाचन होत राहिले. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. सतराव्या शतकातील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळे हे काव्य तगले. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले आणि १९५६ साली पुण्यात देवनागरीत अवतरले. कवीची इच्छा अशी साडेतीन शतकांनी पुरी झाली.

एवढ्या कष्टाने वाचलेला हा ग्रंथ अभ्यासकांच्या कपाटात राहावा, हे उचित नव्हे. धाराशिवसारख्या जिल्ह्यात ख्रिस्ती समाज संख्येने थोडा आहे; पण गोरोबाकाकांच्या तेरचा हा प्रदेश पोथी ऐकणे जाणतो. आगमनकाळाच्या चार रविवारी संध्याकाळी पहिल्या पुराणातील निवडक प्रसंगांचे वाचन व्हावे. भाषा चारशे वर्षांपूर्वीची असल्याने अर्थ सांगणारा कोणी जाणकार जवळ बसवावा, आणि शेजारच्या हिंदू व मुसलमान कुटुंबांनाही श्रवणाचे आमंत्रण द्यावे. त्यास खर्च नाही, फक्त वेळ लागतो. तो देण्याची आपली तयारी आहे काय, एवढाच प्रश्न आहे. कारण नाताळची खरी सिद्धता त्या वेळातच होते.