हारही परत गेला, जाहिरातीही

घरात सोनं आलं की आपण बायका ते मनातल्या मनात लेकीसुनांना वाटून मोकळ्या होतो. कस्तुरबांनीही तेच केलं होतं. १९०१ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी निघाले, तेव्हा तिथल्या भारतीयांनी निरोपाच्या भेटींचा नुसता पाऊस पाडला. सोन्याच्या साखळ्या, घड्याळं, हिऱ्याची अंगठी आणि खास कस्तुरबांसाठी ५० गिनींचा सोन्याचा हार!

गांधीजींना रात्रभर झोप नाही. देणाऱ्यांत त्यांचे अशीलही होते. लोकसेवेचं मोल घ्यायचं तरी कसं? येरझाऱ्या घालता घालता त्यांचा निर्णय झाला. सगळं ट्रस्टला द्यायचं. मुलं लगेच तयार झाली, पण कस्तुरबा अडून बसल्या. उद्या सुना आल्या की त्यांना काय घालायचं, आणि तुमच्या सेवेत माझे कष्ट नाहीत का, असं त्यांनी रडत रडत विचारलं. मला तर त्यांचा मुद्दा बिनतोड वाटतो. तरी हार गेलाच. सगळा ऐवज समाजकार्यासाठी बँकेत जमा झाला.

या स्वभावाची खरी कसोटी पुढे वर्तमानपत्रात लागली. १९०३ साली डर्बनहून ‘इंडियन ओपिनियन’ सुरू झालं. संपादक मनसुखलाल नाझर, पण लिखाणाचा आणि तोट्याचा भार गांधीजींवर. एकेका महिन्याला ७५ पौंडांपर्यंत पदरमोड! सुरुवातीला अंकात जाहिराती असत. पण त्या मिळवायच्या म्हणजे मनधरणी आली, वसुलीचे हेलपाटे आले आणि कामाची माणसं त्यातच अडकली. एखादी जाहिरात पटत नसली, तरी देणारा समाजातला बडा माणूस. त्याला नाही कोण म्हणणार? शेवटी गांधीजींनी जाहिराती बंदच केल्या. वर्गणीदार साडेतीन हजारांच्या वर कधी फारसे गेले नाहीत, पण मिंधेपणा संपला.

१९१९ मध्ये ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ हाती घेतली, तेव्हा जाहिरात नको हे पहिल्यापासूनच ठरलेलं. १९३३ साली ते येरवड्याच्या तुरुंगात असताना आपल्या पुण्यातून ‘हरिजन’ निघालं, तेही वाचकांच्या जिवावर.

मैत्रिणींनो, हे सगळ्यांना जमणारं नाही, हे मलाही कळतं. आपण अंकाला मोजतो त्या पैशांत त्याचा खर्च निघत नाही. उरलेला भार जाहिराती उचलतात, आणि जाहिरात म्हणून छापलेली जाहिरात काही पाप नाही. पण कंपनीच्या खर्चानं सहल करून आलेल्या, दिवाळीला भेटवस्तू घेतलेल्या माणसाचं पेन त्याच कंपनीविरुद्ध लिहिताना अडखळणारच. खाल्ल्या मिठाला जागावं असं आपणच शिकवतो ना मुलांना? म्हणून तर मीठ कुणाचं खायचं, हे आधी ठरवावं लागतं.

आपल्या हाती एवढं आहे की पान वाचताना बातमी कुठे संपली आणि जाहिरात कुठे सुरू झाली, ते बघायचं. आणि आवडत्या अंकाची वर्गणी वेळेवर भरायची. गांधीजींचा कागद उभा राहिला तो अशाच चार-चार आण्यांवर. आणि हो, त्या हारावर पाणी सोडणाऱ्या कस्तुरबांवरही.