हवेच्या गादीवर ट्रक चढवणारा फायरस्टोन

पिकअपला मूळच्यापेक्षा जाड आणि रुंद टायर चढवण्याची हौस आज सर्रास दिसते. टायर किती मोठा असावा हा प्रश्न मात्र जुना आहे आणि त्यावर हार्वे फायरस्टोन यांनी आपली सारी हयात खर्ची घातली.

ओहायो राज्यातील कोलंबियाना येथे २० डिसेंबर १८६८ रोजी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते एका बग्गी कंपनीत विक्रेते होते. लोखंडी धावेच्या चाकांचा खडखडाट आणि रबरी चाकांची मऊ चाल यांतला फरक त्यांनी तिथेच हेरला. १९०० मध्ये अॅक्रन येथे त्यांनी स्वतःची कंपनी काढली. १९०६ मध्ये हेन्री फोर्ड यांनी त्यांच्याकडे टायरच्या दोन हजार संचांची मागणी नोंदवली. पुढे हे व्यापारी संबंध जन्मभराच्या मैत्रीत बदलले.

त्या काळी ट्रक भरीव रबराच्या चाकांवर धावत. हादरे थेट सांगाड्याला बसत आणि रस्तेही उखडत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फायरस्टोन यांनी ट्रकने माल पाठवा, अशी मोहीमच उघडली. टायरचा खप वाढावा हा त्यामागचा हेतू उघड होता. पण चांगल्या रस्त्यांची निकड त्यातून लोकांना पटली, हेही खरे.

१९२३ मध्ये त्यांनी ‘बलून’ टायर बाजारात आणला. तोवरच्या अरुंद टायरांत दर चौरस इंचाला साठ पौंडांच्या आसपास हवा कोंबावी लागे. टायर रुंद केला की आत हवा जास्त मावते आणि तेवढाच भार जवळपास निम्म्या दाबावर पेलतो. जमिनीला टेकणारा भाग वाढतो, पकड सुधारते, हादरे टायरच गिळतो. मात्र कमी दाबाचा टायर सतत दबतो, वाकतो आणि तापतो. म्हणून त्यातील धागे रबराच्या द्रावणात बुडवून घेण्याची पद्धत कंपनीने अवलंबली. दुखणी तरीही उरलीच. स्टिअरिंग जड झाले, काही गाड्यांची पुढची चाके वेगात थरथरू लागली. नुसता टायर बदलून भागत नाही, गाडीलाही त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते, हे कारखानदारांना तेव्हाच उमगले. फोर्डच्या मॉडेल टीवरील साडेतीन इंची टायरच्या जागी ४.४० इंची बलून टायर आला तेव्हा धाव २३ इंचांवरून २१ इंचांवर आणण्यात आली. त्यामुळे चाकाची एकूण उंची जवळजवळ तेवढीच राहिली. फोर्डने कारखान्यातच बांधलेला पहिला पिकअप बाजारात आणला तोही याच सुमारास, १९२५ मध्ये.

जाड टायरला रबर हवे आणि रबरावर ब्रिटिशांची पकड होती. मलाया व सिलोनमधील रबराच्या निर्यातीवर १९२२ मध्ये निर्बंध आले, भाव कडाडले. फायरस्टोन यांनी लायबेरियाची वाट धरली. १९२६ च्या करारान्वये दहा लाख एकरांपर्यंत जमीन, एकरी सहा सेंट वार्षिक भाड्याने, ९९ वर्षांसाठी त्यांना मिळाली. एका गरीब प्रजासत्ताकाशी झालेला हा व्यवहार बरोबरीचा म्हणता येणार नाही. तेथील वेठबिगारीची चौकशी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९३० मध्ये अहवाल दिला. कंपनी जाणूनबुजून सक्तीचे मजूर वापरते, असा ठपका त्याने ठेवला नाही; परंतु सरकारमार्फत भरती होत असे तेव्हा सारेच मजूर राजीखुशीने आलेले नव्हते, हेही नोंदवले.

शेतकऱ्याच्या या मुलाचे लक्ष अखेर पुन्हा शेताकडे वळले. पोलादी चाकांचे ट्रॅक्टर ढेकळांत हिसके खात आणि डांबरी रस्त्यावर त्यांना मज्जाव असे. १९३२ मध्ये अॅलिस-चाल्मर्सच्या ट्रॅक्टरवर फायरस्टोनचे रुंद, कमी दाबाचे टायर चढले; प्रारंभीच्या प्रयोगांत तर चक्क विमानाचे टायर वापरले गेले. शेतकऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून ट्रॅक्टरच्या शर्यतीही भरवण्यात आल्या. १९३३ मध्ये शर्यतपटू बार्नी ओल्डफील्ड यांनी असा ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांवर पळवला.

अॅक्रनमध्ये मात्र असंतोष धुमसत होता. जानेवारी १९३६ मध्ये फायरस्टोनच्या ट्रक-टायर विभागातील कामगारांनी यंत्रे थांबवून जागीच ठिय्या दिला आणि हे लोण शहरातील इतर टायर कारखान्यांत पसरले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ७ फेब्रुवारी १९३८ रोजी, मायामी बीच येथे फायरस्टोन यांचे निधन झाले. शिवडीच्या ज्या कारखान्यामुळे मुंबईकरांना हे नाव परिचयाचे झाले आणि जो पुढे बॉम्बे टायर इंटरनॅशनल म्हणून ओळखला गेला, तो त्यांच्याच कंपनीचा.