पाण्यात दडलेला प्रकाश : जमशेटजी टाटा आणि महाराष्ट्राची वीज

वर्ध्याहून हिंगणघाटकडे जाताना दोन्ही बाजूंना कपाशीची शेते लागतात. या जिल्ह्यात अनेक ठिकाणी अशा शेतांवरून विजेच्या जाड तारा उंच मनोऱ्यांच्या खांद्यावरून दूरवर निघून गेलेल्या दिसतात. खाली पांढरे बोंड आणि वर वीज. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. परंतु महाराष्ट्रातील विजेच्या इतिहासाची पाने आम्ही मागे उलटत गेलो, तेव्हा ती वाट आम्हांला याच कापसाच्या प्रदेशात घेऊन आली. ती वाट चालणाऱ्या पुरुषाचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा. पोलाद कारखान्यामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. मात्र आपल्या घरातील दिव्याशी असलेले त्यांचे नाते फारसे कुणाला ठाऊक नाही. तेच या लेखात वाचकांपुढे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

जन्म आणि जडणघडण

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे झाला. त्यांचे घराणे पारशी धर्मगुरूंचे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ती वाट सोडून त्यांचे वडील नसरवानजी व्यापारासाठी मुंबईस आले आणि मुलालाही त्यांनी तेथे बोलावून घेतले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण १८५८ साली पूर्ण करून जमशेटजी वडिलांच्या पेढीत दाखल झाले व पुढल्याच वर्षी हाँगकाँगला गेले.

त्यानंतर अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा तेथील कापूस बंद झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६५ साली युद्ध संपताच तो तितक्याच वेगाने ओसरला आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. टाटांच्या पेढीलाही जबर तडाखा बसला. तरुण जमशेटजी त्या वेळी लंडनमध्ये होते. तोंड न लपवता ते धनकोंना सामोरे गेले आणि सारा व्यवहार त्यांच्यापुढे उघडा केला. त्या सचोटीमुळे धनकोंचा विश्वास टिकून राहिला. पुढे जन्मभर जी मोठी कामे त्यांनी अंगावर घेतली, त्यांना हीच पुंजी उपयोगी पडली, असे आम्हांस वाटते.

कापसाच्या दारात गिरणी

त्या काळी गिरणी म्हणजे मुंबई, असे समीकरण होते. जमशेटजींनी मात्र वेगळा विचार केला. कापूस पिकतो वऱ्हाडात आणि वर्धा खोऱ्यात. तो गाडीत भरून शेकडो मैल दूर न्यायचा आणि त्याचेच कापड पुन्हा याच भागात विकायला आणायचे, हे त्यांना पटेना. हिंगणघाटचा कापूस त्या वेळी विलायतेच्या बाजारातही नावाजलेला होता. मुंबईहून निघालेली रेल्वे वर्ध्यावरून १८६७ साली नागपूरला पोहोचली होती. वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे रेल्वेचा फाटाही त्याच सुमारास टाकला जात होता. कापूस, कोळसा आणि रेल्वे या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथेच गिरणी उभारावी, असा निर्णय त्यांनी घेतला.

१८७४ साली कंपनी स्थापन झाली आणि नागपूरच्या दलदलीच्या जागेत भराव घालून बांधकाम सुरू झाले. एका स्थानिक सावकाराने पैसे गुंतवण्यास नकार दिला. हा मनुष्य जमिनीत सोने पुरतो आहे, असे त्याचे मत होते. पुढे गिरणी भरभराटीस आल्यावर आपली चूक त्याने मोकळेपणाने कबूल केली, असे चरित्रकार सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. तिच्यात सुमारे ३०,००० चात्या व ४५० माग होते. कामगारांसाठी १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ साली अपघातातील नुकसानभरपाईची योजना येथे सुरू झाली. त्या वेळी असा कोणताही कायदा या देशात नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

गिरणी चालत होती वाफेवर आणि वाफेला कोळसा लागे. शक्ती स्वस्त नसेल तर उद्योग टिकत नाही, हा धडा जमशेटजी येथे शिकले. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोखंडाचा अहवाल १८८२ साली त्यांच्या हाती पडला, तेव्हा तेथे पोलाद काढण्याचा विचार त्यांनी केला. पण वरोऱ्याचा कोळसा धातू वितळवण्याच्या कामाचा नाही, असे तपासणीत आढळले. मुंबईच्या गिरण्यांची स्थिती तर याहून बिकट होती. त्यांचा कोळसा फार दुरून येई आणि त्याच्या धुराने शहराचे आकाश काळवंडून जाई.

वीज म्हणजे काय?

याच शतकात युरोपात एका नव्या शक्तीचा जन्म झाला होता. १८०० साली इटलीच्या व्होल्टा यांनी जस्त व तांबे यांच्या चकत्या, मध्ये खाऱ्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवून, एकावर एक रचल्या आणि त्यांतून विजेचा अखंड प्रवाह मिळवला. आज आपल्या विजेरीत जी बॅटरी असते, तिची पूर्वज ती हीच. १८३१ साली इंग्लंडच्या फॅरेडे यांनी दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवत राहिले की तारेत वीज निर्माण होते. प्रत्येक मोठ्या जनित्राचे गुपित या एका वाक्यात आहे. चुंबक आणि वेटोळे यांना एकमेकांसमोर फिरवत ठेवायचे. मग फिरवणारी शक्ती वाफेची असो, वाऱ्याची असो, नाही तर पाण्याची.

वीज समजून घेण्यासाठीही पाण्याचाच दाखला सोपा पडतो. टाकी जितकी उंच, तितका नळाच्या पाण्याला जोर अधिक. विजेतील या जोराला आपण व्होल्ट या मापाने मोजतो. नळातून दर क्षणाला किती पाणी वाहते, त्याप्रमाणे तारेतून किती वीज वाहते ते अँपिअर या मापाने मोजतात. या दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती. तिचे माप वॅट. तारेतून वीज नेताना तार तापते आणि काही शक्ती वाया जाते. प्रवाह दुप्पट झाला तर ही हानी चौपट होते. म्हणून वीज दूर न्यायची असेल तर व्होल्ट वाढवायचे आणि प्रवाह कमी ठेवायचा, ही युक्ती शोधली गेली. १८९६ साली नायगाऱ्याच्या धबधब्यावरील वीज बफेलो शहरात पोहोचली. आपल्या देशात १८९७ साली दार्जिलिंगला पाण्यावरील वीज आली आणि १९०२ साली कावेरीवरील शिवसमुद्रम येथून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेण्यात आली.

सह्याद्रीचे पाणी

पाण्याच्या बळावर गिरणी चालवण्याचा विचार जमशेटजींच्या मनात जबलपूरजवळ नर्मदेचे पाणी पाहताना प्रथम आला होता, असे सांगतात. तेथे तो साधला नाही, पण त्यांच्या मनातून गेलाही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील डेव्हिड गॉस्टलिंग यांच्यासह त्यांनी घाटमाथ्याच्या पाण्याचा विचार सुरू केला. लोणावळ्याच्या परिसरात पावसाळ्याचे चार महिने आभाळ फाटल्यासारखे कोसळते आणि उरलेले आठ महिने कोरडे जातात. ते पाणी धरणांत साठवून वर्षभर थोडे थोडे वापरावे, कड्यावरून नळांतून खाली खोपोलीस सोडावे आणि तेथे वीज निर्माण करून मुंबईस न्यावी, अशी ही कल्पना होती.

योजना कागदावर आकार घेत असतानाच १६ डिसेंबर १९०३ रोजी जमशेटजींचे ताजमहाल हॉटेल मुंबईत उघडले. शहरात घरोघरी वीज पोहोचण्यापूर्वीच ती वास्तू विजेच्या दिव्यांनी उजळून निघाली. पण तोवर जमशेटजींची प्रकृती खालावली होती. मार्च १९०४ मध्ये त्यांच्या पत्नी हिराबाई निवर्तल्या. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींनी देह ठेवला. जलविद्युत योजना, पोलादाचा कारखाना आणि विज्ञानसंस्था ही त्यांची तिन्ही मोठी स्वप्ने त्या दिवशी अपुरीच होती.

मागे राहिलेल्यांनी ती पुरी केली. बंगळूरची विज्ञानसंस्था १९०९ साली स्थापन झाली आणि तेथे अगदी आरंभी सुरू झालेल्या विभागांत विद्युत् तंत्रविद्येचा समावेश होता. थोरले पुत्र दोराबजी यांनी १९१० साली वीज कंपनी स्थापन केली. तिचे भांडवल मुख्यत्वे या देशातीलच धनिकांनी व संस्थानिकांनी दिले. १९११ साली लोणावळ्यास धरणाची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरोटा येथे तलाव झाले. पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारे पाणी पश्चिमेकडे वळले. पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून उतरलेल्या पाण्याचे फवारे खोपोलीस चक्रांच्या वाट्यांवर आदळू लागले आणि चक्रांबरोबर जनित्रे फिरू लागली. फेब्रुवारी १९१५ मध्ये सुमारे एक लाख व्होल्टच्या तारांतून, ७० किलोमीटर अंतर कापून, ही वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली. जमशेटजींना जाऊन तेव्हा जवळजवळ अकरा वर्षे झाली होती.

प्रकाशाचे ऋण

येथेच लेख संपवला, तर तो अपुरा राहील. त्या यशानंतर कंपनीने पुढील धरण मुळशी पेट्यात योजले. त्याखाली मावळ्यांची गावे, भाताची खाचरे आणि देवळे बुडणार होती. १९२१ साली तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह पुकारला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी त्यांचे नेतृत्व केले. बापटांना सेनापती ही पदवी याच लढ्यातून मिळाली. लढा तीन वर्षे चालला, पण धरण झाले आणि १९२७ साली भिरा येथे वीजनिर्मिती सुरू झाली. जमशेटजी त्या वेळी हयात नव्हते. त्या निर्णयाचा दोष त्यांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. तरीही मुंबईच्या प्रकाशासाठी कुणाच्या तरी घरातील चूल कायमची विझली, ही गोष्ट विसरणेही योग्य नाही. आपल्या विदर्भातही रात्रीच्या पाळीची वीज मिळाली म्हणून अंधारात, विंचूकाट्यांतून शेताला पाणी देणारे शेतकरी आपल्या ओळखीचे आहेत. विजेचा लाभ एकाला आणि कष्ट दुसऱ्याला, हे असे किती काळ चालावे?

ज्या एम्प्रेस मिलपासून ही वाट सुरू झाली, ती गिरणी आता राहिलेली नाही. मात्र वर्ध्याजवळ आज ७६५ किलोव्होल्टचे, म्हणजे खोपोलीच्या त्या पहिल्या तारांच्या सातपटीहून अधिक दाबाचे, वीज उपकेंद्र उभे आहे. देशाच्या एका भागातील वीज दुसऱ्या भागाकडे नेणाऱ्या वाटा येथे एकत्र येतात. कापसाच्या ओढीने जमशेटजी ज्या प्रदेशात आले, तोच प्रदेश आता विजेचा नाका झाला आहे.

आपल्या डोळ्यांनी पाहता येणार नाही अशा प्रकाशासाठी जमशेटजी आयुष्याच्या अखेरपर्यंत झटले. फळ कुणाच्या ओंजळीत पडेल, याचा हिशेब न मांडता झाड लावणारी माणसे कोणत्याही समाजात थोडीच असतात. आज सायंकाळी घरातील दिवा लावताना या द्रष्ट्या पुरुषाचे कृतज्ञतेने स्मरण करावे आणि त्याच क्षणी मुळशीच्या पाण्याखाली गेलेल्या त्या अनाम घरांचेही करावे, एवढीच आमची वाचकांना नम्र विनंती आहे.