न शमलेला दाह

फ्रेंच राज्यक्रांतीच्या नेत्यांपैकी झाँ पॉल मारा हा जगाच्या स्मरणात राहिला तो मुख्यत्वे त्याच्या मृत्यूमुळे. १३ जुलै १७९३ रोजी पॅरिसमधील राहत्या घरी, पाण्याच्या टबात बसून काम करीत असताना त्याचा खून झाला. झाक लुई दाविद या चित्रकाराने रंगविलेले ते दृश्य सर्वपरिचित आहे. परंतु राष्ट्रीय प्रतिनिधिसभेचा सभासद असलेला हा माणूस तासन् तास टबात का बसून असे, याचे उत्तर त्या चित्रात मिळत नाही. अंगभर उठणारा कंड आणि कातडीची आग त्याला अन्यत्र स्वस्थ बसू देत नव्हती. मारा स्वतः वैद्य होता. तरीही या व्याधीचे खात्रीचे निदान त्याच्या हयातीत झाले नाही आणि नंतरही झालेले नाही.

माराचा जन्म २४ मे १७४३ रोजी आजच्या स्वित्झर्लंडमधील न्यूशातेलजवळच्या बूद्री या गावी झाला. वडील सार्डिनिया बेटावरून येऊन स्थायिक झालेले, तर आई फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट घराण्यातील. सोळाव्या वर्षी त्याने घर सोडले. बोर्दो व पॅरिस येथे काही काळ काढून तो लंडनला गेला आणि तेथे वैद्यकी करू लागला. १७७४ साली त्याने राजसत्तेच्या जुलमावर कोरडे ओढणारा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. १७७५ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्याला मिळाली. पुढे पॅरिसला परतल्यावर १७७७ मध्ये राजबंधू काउंट आर्त्वा याच्या रक्षकदलाचा वैद्य म्हणून त्याची नेमणूक झाली. उष्णता, प्रकाश व वीज यांवर त्याने पुष्कळ प्रयोग केले; परंतु विज्ञान अकादमीने त्याच्या सिद्धान्तांना मान्यता दिली नाही. हा सल त्याने अखेरपर्यंत जपला.

१७८९ मध्ये क्रांतीचा वणवा पेटला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात माराने ‘लोकमित्र’ या अर्थाच्या नावाचे वृत्तपत्र सुरू केले. गरिबांची बाजू घेणाऱ्या या पत्राची भाषा जहाल होती. अटकेची फर्माने निघाली, छापखान्यावर जप्ती आली. मारा कधी लंडनला पळाला, तर कधी पॅरिसमधील तळघरांत दडून राहिला. क्रांतीच्या या पहिल्या वर्षांतच त्याच्या त्वचाविकाराने जोर धरला. जांघेच्या भागातून सुरू झालेली खाज हळूहळू सर्वांगावर पसरली. फोड येत, ते फुटून झरत. जोडीला डोकेदुखी आणि ताप असे. तळघरातील ओल व घाण यांमुळे हा रोग जडला, असे पुष्कळांनी मानले. शत्रूंना तर कातडी म्हणजे मनाचा आरसाच वाटला. हा माणूस आतून सडलेला आहे, तेच बाहेर दिसते, असा त्यांचा सूर होता.

काही इतिहासकारांनी पुढे त्याच्या हिंसक लेखणीचे मूळ या खाजेत शोधले. हा तर्क सोपा असला, तरी अपुरा आहे. माराचा राजसत्तेवरील राग आजाराच्या कितीतरी आधीचा होता. शिवाय सप्टेंबर १७९२ मध्ये तुरुंगांतील कैद्यांची सर्रास कत्तल झाली, तेव्हा तिचे समर्थन करणाऱ्या परिपत्रकावर त्याची सही होती. ती जबाबदारी त्याच्या व्याधीवर ढकलता येणार नाही. अखंड कंडाने माणूस चिडचिडा होतो हे खरे. पण कोणाची मुंडकी मागायची, हे कंड ठरवीत नाही.

एप्रिल १७९३ मध्ये जिराँदिस्ट पक्षाने त्याच्यावर खटला भरला. तो निर्दोष सुटला आणि जूनच्या प्रारंभी त्याच पक्षाचा पाडाव झाला. विजयाच्या या क्षणीच शरीराने मात्र साथ सोडली. सभेला जाणे थांबले. मोजड्यासारख्या आकाराच्या टबात तो बसे, टबावर आडवी फळी टाकून लिहीत असे. डोक्याला शिरक्यात भिजविलेले फडके गुंडाळलेले असे. गार पाण्याने कंडाची जाणीव तेवढ्यापुरती मंदावते. पण फार वेळ पाण्यात राहिल्यास कातडीचे नैसर्गिक तेल निघून जाते आणि ती अधिकच कोरडी पडते. त्यामुळे ज्या पाण्याने आराम मिळे, त्यानेच त्रास वाढत गेला असण्याचा संभव आहे. त्याची सहचरी सिमोन एव्रार त्याची शुश्रूषा करी. अशा अवस्थेतही वृत्तपत्राचे लेखन थांबले नाही आणि तक्रारी घेऊन येणाऱ्यांना तो टबातूनच भेटत असे.

नॉर्मंडीतून आलेली चोवीस वर्षांची शार्लोत कोर्दे ही जिराँदिस्टांची सहानुभूतीदार. माराला भर सभेत ठार करण्याचा तिचा मूळ बेत होता. आजारामुळे तो सभेला येत नाही, असे कळल्यावर ती घरी गेली. सिमोनची नाराजी होती, तरी फितुरांची नावे मिळतील या आशेने माराने तिला आत बोलावले. सुरीचा एकच घाव प्राणघातक ठरला. चार दिवसांनी कोर्देचा शिरच्छेद झाला.

दाविद हा माराचा मित्र होता आणि खुनाच्या आदल्याच दिवशी त्याला भेटून गेला होता. त्याची कातडी कशी होती, हे त्याला ठाऊक होते. तरीही चित्रात ती संगमरवरासारखी नितळ आहे. जखम आहे ती फक्त सुरीची. हुतात्म्याच्या अंगावर फोड शोभत नव्हते. शत्रूंनी ज्या रोगाचे भांडवल केले, तो मित्राने पुसूनच टाकला.

निदानाचा शोध मात्र चालू राहिला. खरूज, उपदंश, कुष्ठ, इसब अशी अनेक नावे पुढे आली. विसाव्या शतकात काहींनी डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस हा ग्लुटेनशी निगडित, अतिशय खाज आणणारा विकार सुचविला. खुनाच्या वेळी हाताशी असलेले वृत्तपत्राचे रक्ताने माखलेले कागद त्याची बहीण आल्बर्तीन हिने जपून ठेवले होते. त्या रक्तातील डीएनएचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. उपदंश, कुष्ठ व खरूज यांच्या जंतूंचा मागमूस त्यात आढळला नाही. कोंड्याशी संबंधित असलेली मॅलॅसेझिया ही बुरशी मात्र आढळली. त्यावरून हा सेबोऱ्हिक डर्मटायटिसचा तीव्र प्रकार असावा व त्यात जिवाणूंचा संसर्ग झाला असावा, असा अंदाज संशोधकांनी बांधला. अर्थात, इतक्या जुन्या कागदाच्या साक्षीला मर्यादा आहेत.

माराच्या राजकारणाचा हिशेब इतिहास आपल्या परीने मांडीत राहील. पण ज्या यातनेला नाव नव्हते, ती कोणी पापाचे फळ ठरविली आणि कोणी झाकून टाकली. कारण न सापडलेल्या दुखण्याच्या वाट्याला बहुधा हेच दोन न्याय येतात. रोग्याला मात्र रोज त्या दुखण्यासकट काम उरकावे लागते. माराने ते टबावरच्या फळीवर, शेवटच्या संध्याकाळपर्यंत उरकले.